चौथीतल्या मुलाला डिस्लेक्सियाचे निदान झाले आहे. घरच्यांना कसे समजवावे आणि प्रमाणपत्र घ्यावे का?

ऐरोलीची आई

नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो. माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकतो. पहिलीपासूनच त्याचे वाचन आणि लेखन मागे पडत होते. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी 'अधिक सरावाची गरज आहे' असा शेरा येत असे आणि आम्हीही दरवर्षी सराव वाढवत गेलो. यंदा नव्या वर्गशिक्षिकेने प्रथमच वेगळी शंका बोलून दाखवली. डोळे आणि कान तपासून घेतले, त्यांत काही दोष नाही. त्यानंतर मानसशास्त्रज्ञांकडे चार बैठकांत चाचण्या झाल्या. अहवालानुसार त्याचा बुद्ध्यांक सरासरीपेक्षा थोडा वर आहे, परंतु वाचनाची पातळी दुसरीच्याही खाली आहे, आणि निदान डिस्लेक्सियाचे आहे.

मला निदान ऐकून आधी हायसे वाटले, कारण चार वर्षे जे कोडे होते त्याला नाव तरी मिळाले. घरात मात्र ते कोणीच मान्य करायला तयार नाही. माझे पती म्हणतात की, हा मुलगा ठाण्यापासून पनवेलपर्यंतची सगळी स्टेशने क्रमाने सांगतो, रबाळे आले, घणसोली आले असे पाटी पाहून ओरडतो, मग त्याला वाचता येत नाही असे कसे म्हणायचे? त्यांच्या मते हा निव्वळ आळस आहे. ते स्वतः लहानपणी वाचायला कंटाळत असत आणि छडी खाऊन शिकले, असे ते सांगतात. सासूबाई मोबाइलला दोष देतात. सरकारी दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा विषय निघाला तेव्हा दोघांचेही एकमत झाले की मुलाच्या कपाळी असा शिक्का नको, उद्या त्याचे कसे व्हायचे.

मी यांत निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. निदानाच्या आधी दोनच आठवडे, एकच शब्द सहाव्यांदा चुकला म्हणून मी त्याच्या वहीचे पान रागाने फाडले होते. तो रडला नाही; त्याने ते पान उचलून दप्तरात ठेवले. तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

यजमानांना आणि सासूबाईंना हे समजावून कसे सांगावे, प्रमाणपत्र घ्यावे की थांबावे, मराठी माध्यमात घातल्यास फरक पडेल का, आणि मुलाला स्वतःला काय सांगावे, याबाबत अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

विशेष शिक्षिका, नौपाडा

ताई, फाडलेल्या पानाबद्दल आधी लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आयांच्या मनात असे एखादे पान असते. जे माहीत नव्हते त्याची शिक्षा स्वतःला देत बसू नका. मुलाची माफी मात्र स्पष्ट शब्दांत मागा. 'मला कळले नव्हते, चूक माझी होती' हे वाक्य आईच्या तोंडून ऐकलेले मूल पुढे मदत मागायला घाबरत नाही, असे मी सतरा वर्षांत अनेकदा पाहिले आहे.

आता स्टेशनांच्या पाट्यांविषयी. तुमच्या पतींचे निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे. ऐरोलीनंतर रबाळे येते हे मुलाला पाठ आहे. पाटीवरचा आकार, पहिले अक्षर आणि गाडीचा क्रम यांवरून तो शब्द ओळखतो. हे त्याच्या स्मरणशक्तीचे आणि हुशारीचे लक्षण आहे, पण ते वाचन नव्हे. तोच शब्द साध्या कागदावर दुसऱ्या वाक्यात लिहून दाखवा, किंवा 'रबाळे'ऐवजी अर्थ नसलेला 'बराळे' असा शब्द लिहा, म्हणजे फरक लगेच लक्षात येईल. हुशार मुले अशा आडाखेबाजीवर दुसरी-तिसरीपर्यंत निभावून नेतात, आणि पाठ लांबले, चित्रे कमी झाली की एकदम उघडी पडतात. त्यामुळेच घरच्यांना वाटते की कालपर्यंत येत होते, आता टाळाटाळ करतो.

बोलणे मूल ऐकून शिकते, ते कोणी शिकवावे लागत नाही. लिपी ही मात्र माणसाने घडवलेली गोष्ट आहे आणि ती प्रत्येक मेंदूला नव्याने शिकावी लागते. त्यासाठी शब्दातले ध्वनी सुटे करणे, प्रत्येक ध्वनीला चिन्हाशी जोडणे आणि ही जोडणी विचार न करता व्हावी इतकी वेगवान करणे आवश्यक असते. डिस्लेक्सियात नेमका हाच दुवा कच्चा असतो. बुद्धीशी त्याचा संबंध नाही आणि डोळ्यांशीही नाही. 'अक्षरे उलटी दिसतात' हा सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे. लहान वयात बरीच मुले अक्षरे उलटी काढतात आणि ती सवय पुढे बहुतेकांची सुटते. डिस्लेक्सिया ही गोष्ट कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या आढळते, हेही लक्षात घ्या. तुमचे पती 'मीही वाचायला कंटाळत असे' म्हणतात, तेव्हा ते वाक्य वाद म्हणून न ऐकता माहिती म्हणून ऐका. कदाचित ते स्वतःविषयी फार महत्त्वाचे काही सांगत असतील.

त्यांना समजवण्यासाठी मी पालकांबरोबर एक प्रयोग करते. घरात किंवा ओळखीत मोडी लिपीतला एखादा जुना कागद असेल तर तो त्यांच्यासमोर ठेवा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचायला सांगा. भाषा मराठीच आहे, कदाचित त्यांच्याच पणजोबांच्या शेताचा मजकूर आहे, तरीही वाक्य पुढे सरकत नाही, कारण अक्षरे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि शब्दांमध्ये जागाही सोडलेली नाही. पाच मिनिटांनी मागे उभे राहून 'लक्ष देऊन वाचा, सोपे तर आहे' असे म्हणा. हा दाखला तंतोतंत लागू पडत नाही, कारण तुमच्या मुलाला अक्षरे ओळखता येतात, त्यांची जोडणी तेवढी संथ आणि कष्टाची असते. परंतु डोक्यात भाषा असताना ती कागदावरून तोंडात न येणे म्हणजे काय, हे मोठ्या माणसाला यातून अंगावर आल्यासारखे कळते.

घरी काय करावे? सराव वाढवू नका, बदला. रोज वीस मिनिटे, ठरलेल्या वेळी, एका वेळी एकच ध्वनी किंवा एकच मात्रा, आणि ती डोळा, कान, तोंड आणि हात या सर्वांनी एकदम. जगभर ज्याला बहुसंवेदी पद्धत म्हणतात, ती आपल्याकडच्या धुळाक्षरांपासून फार दूर नाही. ताटात रवा पसरावा, बोटाने अक्षर काढावे आणि काढताना त्याचा उच्चार करावा. देवनागरीत काही ठिकाणी मुले हमखास अडखळतात, तिथे दुप्पट वेळ द्यावा. पहिली वेलांटी बोलताना अक्षरानंतर येते पण लिहिताना आधी काढावी लागते. 'सूर्य' मधला रफार 'य'च्या डोक्यावर बसतो पण उच्चार 'य'च्या आधी होतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' या जोड्यांतली दोन्ही अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरे घ्यावे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, त्याच्या वाचनाची पातळी दुसरीच्याही खाली असली तरी त्याचे ज्ञान तिथेच अडकू देऊ नका. भूगोल, विज्ञान, गोष्टी हे सारे त्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि उत्तरे तोंडी घ्या. जे मूल वाचत नाही त्याच्या कानावर नवे शब्द पडत नाहीत, शब्द नसले की पुढचे वाचन आणखी जड होते, आणि पाच वर्षांत मूळ अडचणीपेक्षा ही पोकळी मोठी होते. सासूबाई मोबाइलवर नाराज आहेत, तर दुपारी अर्धा तास वाचून दाखवण्याचे काम त्यांनाच द्या. ते काम आजीइतके चांगले क्वचितच कोणी करते.

नेरुळचे बाबा

माझी मुलगी आता अकरावीत आहे. तिचे निदान पाचवीत झाले. त्याआधीची दोन वर्षे, चुकलेला प्रत्येक शब्द पंचवीस वेळा लिहायचा असा नियम मी घरात केला होता. ती चुकीचाच शब्द पंचवीस वेळा, अतिशय सुवाच्य अक्षरात लिहीत असे. त्या वह्या माझ्याकडे अजून आहेत. चूक अधिक पक्की करण्याची ती पद्धत होती हे मला कळायला दोन वर्षे लागली, म्हणून कळकळीने सांगतो की अशी शिक्षा देत असाल तर ती आजच बंद करा.

प्रमाणपत्राविषयी मला जे माहीत आहे ते लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ज्या एकवीस प्रकारांचा समावेश आहे त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता हाही एक प्रकार आहे आणि डिस्लेक्सिया त्यातच मोडतो. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयींचा स्पष्ट उल्लेख आहे. पुढे उच्च शिक्षणात, सरकारी आणि अनुदानित संस्थांमध्ये, ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नाही.

खासगी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल आणि सरकारी प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल हातात आहे म्हणून बरेच पालक निर्धास्त राहतात आणि दहावीच्या वर्षी धावपळ करतात. प्रमाणपत्र प्राधिकृत सरकारी किंवा पालिका रुग्णालयातूनच मिळते आणि ते मुलाला आठ वर्षे पूर्ण झाल्यानंतर दिले जाते, म्हणजे तुमचा मुलगा त्या वयात बसतो. अर्ज 'स्वावलंबन' या केंद्राच्या संकेतस्थळावर करायचा असतो आणि त्यावरूनच दिव्यांगांसाठीचे वैश्विक ओळखपत्र मिळते. आम्ही मुंबईला शीवच्या रुग्णालयात गेलो होतो. नवी मुंबईकरांनी आधी वाशीला महानगरपालिकेच्या ई.टी.सी. केंद्रात चौकशी करावी, कारण दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचे आणि पालकांच्या मार्गदर्शनाचे काम तिथे चालते. कुठेही गेलात तरी एका फेरीत काम होईल असे समजू नका. आम्हाला मुलीला घेऊन पाच वेळा जावे लागले. बरोबर शाळेचे पत्र, मागील प्रगतिपुस्तके आणि मुख्य म्हणजे जुन्या वह्या न्या. डॉक्टर वह्या फार बारकाईने पाहतात. प्रमाणपत्राची मुदतही पाहून ठेवा, कारण वाढत्या वयात पुनर्तपासणी करावी लागते.

राज्य मंडळाची शाळा असेल तर ठाणे आणि नवी मुंबई हे दोन्ही भाग मुंबई विभागीय मंडळाकडे येतात आणि त्याचे कार्यालय वाशीतच आहे. सवलतीचा प्रस्ताव मात्र पालकांनी थेट न देता शाळेमार्फत पाठवायचा असतो. माझ्या मुलीच्या शाळेने सुरुवातीला 'आमच्याकडे अशी मुले नसतात' असे उत्तर दिले होते. मी कायद्याची प्रत घेऊन मुख्याध्यापकांना तीनदा भेटलो, आवाज चढवला नाही, दर वेळी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. नववी सुरू होतानाच हे मार्गी लावा.

शिक्क्याविषयी एवढेच सांगतो. माझ्या मुलीला वर्गात 'ढ' म्हणत असत. तो शिक्का तिला कोणत्याही रुग्णालयाने दिला नव्हता, आणि तो पुसण्याचा कुठलाही अर्ज नव्हता. प्रमाणपत्र फाइलमध्ये राहते, शाळेशिवाय कोणाला दाखवण्याची सक्ती नाही, आणि ते वापरायचे की नाही हे पुढे मूल स्वतः ठरवू शकते. नसले तर मात्र ठरवण्यासारखे काहीच हाती उरत नाही.

कळव्याचा वाचक

मी चौतीस वर्षांचा आहे. महापे येथे एका कारखान्यात विजेच्या पॅनेलची मांडणी करतो. मला डिस्लेक्सिया आहे हे माझ्या भाचीची तपासणी झाली तेव्हा, म्हणजे पाच वर्षांपूर्वी कळले. हे लिहायला मला दीड तास लागला आहे आणि बरेचसे मी फोनला तोंडी सांगून उतरवून घेतले आहे.

शाळेत एकेकाने उठून एकेक परिच्छेद वाचायचा असे. मी बाक मोजून माझ्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे आधीच काढत असे आणि शेजाऱ्याला विचारून तेवढा पाठ करून ठेवत असे. मध्येच कोणी गैरहजर निघाला किंवा बाईंनी क्रम बदलला की माझ्या पोटात गोळा येत असे. त्या तासाला पाठात काय होते ते मला कधीच कळले नाही. ताई, शाळेकडे एकच मागणी करायची असेल तर ही करा की, त्याला अचानक उठवून सर्वांसमोर वाचायला लावू नये.

मुलाला काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. नाव सांगा. मला कोणी नाव सांगितले नाही, म्हणून मी स्वतःच नाव ठेवले, आणि ते 'मूर्ख' असे होते. 'तुझ्या मेंदूला अक्षरांची जोडणी करायला जास्त वेळ लागतो, याला डिस्लेक्सिया म्हणतात, हे तुझ्या आळसामुळे झालेले नाही, आणि वेगळ्या पद्धतीने शिकलास की वाचन सुधारते' एवढे नऊ वर्षांच्या मुलाला समजते. अमुक शास्त्रज्ञालाही हेच होते, तमुक नटालाही हेच आहे, अशी यादी त्याला देऊ नये असे माझे मत आहे. माझी भाची ती यादी ऐकून म्हणाली, 'म्हणजे आता मला फेमस व्हावे लागणार का?' साधे, नीट आयुष्य जगण्याची मुभा त्यालाही असू द्या.

निवृत्त शिक्षक, कोपरी

माध्यमाच्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही. मी एकतीस वर्षे मराठी शाळेत शिकवले. देवनागरीत चिन्ह आणि उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे. 'क' हा 'क'च राहतो. इंग्रजीत एकच स्वर शब्दागणिक वेगळा वाजतो आणि काही अक्षरे लिहूनही उच्चारली जात नाहीत. त्यामुळे डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला इंग्रजी अधिक जड जाते, हे खरे आहे. तथापि मराठीत तो नाहीसा होतो असे मात्र नाही. मराठीत असे मूल एकेक अक्षर लावून बरोबर वाचते, पण इतके सावकाश की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. जोडाक्षरे आली की थांबते. लिहिताना मात्रा गाळते. अचूक वाचतो म्हणून शिक्षकांच्या लक्षात येत नाही, आणि अशी मुले माझ्याही हातून सुटली असतील, हे मला निवृत्तीनंतर कळले.

घरी मराठी बोलत असाल तर पहिलीतच मराठी शाळा घेणे योग्य झाले असते, असे माझे ठाम मत आहे. परंतु चौथीच्या मध्यावर माध्यम बदलले तर त्याला सर्व विषयांचे शब्द नव्याने शिकावे लागतील आणि ओळखीचे मित्रही सुटतील. म्हणून आता माध्यमाऐवजी शाळेची तयारी पाहा. मुख्याध्यापक तुमचा अहवाल वाचतात का, तोंडी परीक्षेस मान्यता देतात का, यावर निर्णय घ्या. घरी मात्र रवा-ताटाची सुरुवात मराठीपासून करा. एका भाषेत ध्वनी सुटे करण्याची सवय लागली की ती दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते.

गणिताकडेही लक्ष असू द्या. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहितो मात्र वीस आधी. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन सुचवले तेव्हा मोठा वाद झाला. भाषेच्या अंगाने आक्षेप समजण्यासारखे होते, पण 'पंचवीस' ऐकून मागच्या बाकावर ५२ लिहून मोकळी होणारी मुले मी पाहिली आहेत. आजी घरी मराठीत आकडे सांगत असतील आणि शाळेत तेच इंग्रजीत येत असतील, तर त्याचा गोंधळ होतो का ते तपासा.

विशेष शिक्षिका, नौपाडा

गुरुजींशी मी सहमत आहे. एक सावधगिरीची सूचना राहिली होती. निदानाची बातमी नातेवाइकांत गेली की रंगीत काचांचे चष्मे, मेंदू जागृत करण्याचे वर्ग, स्मरणशक्तीची औषधे असे बरेच काही सुचवले जाईल. डिस्लेक्सियावर औषध नाही. पद्धतशीर, ध्वनींवर आधारित अध्यापन, तेही बराच काळ आणि सातत्याने, हाच मार्ग आहे. 'तीन महिन्यांत बरा करू' असे जो सांगेल, त्याला नम्रपणे नकार द्या.

कळव्याच्या दादांचे लिखाण मी माझ्याकडे येणाऱ्या पालकांना वाचून दाखवू इच्छिते, त्यांची हरकत नसेल तर.

कळव्याचा वाचक

हरकत नाही.

ऐरोलीची आई

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

सासऱ्यांच्या पेटीत जमिनीचा एक मोडी कागद निघाला. यांनी तो दहा मिनिटे पाहिला, दोन शब्द लागले, आणि मग ते थोडे चिडून म्हणाले, "पण मला मोडी कोणी शिकवलीच नाही." मी म्हणाले, "त्यालाही, त्याला कळेल अशा रीतीने, अजून कोणी शिकवलेले नाही." ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी रात्री त्यांनी मला सांगितले की, कार्यालयात मोठे पत्र आले की ते आजही सहकाऱ्याला 'जरा थोडक्यात सांग' असे म्हणतात. लग्नाला बारा वर्षे झाली, मला हे माहीत नव्हते.

प्रमाणपत्राला त्यांनी अजून पूर्ण होकार दिलेला नाही, पण चौकशीला वाशीला ते स्वतः बरोबर आले आणि अर्ज भरायला हरकत नाही म्हणाले. सासूबाई दुपारी गोष्टी वाचून दाखवतात. मोबाइलवरचा त्यांचा राग मात्र कायम आहे. मुलाला मी नाव सांगितले. त्याने विचारले, "मोठा झाल्यावर जाईल का?" मी सांगितले की जाणार नाही, पण वाचन सोपे होत जाईल. त्याने थोडा विचार करून, "मग शाळेत बाईंना तूच सांग," एवढेच म्हटले. वर्गात अचानक वाचायला उभे न करण्याचे बाईंनी मान्य केले आहे.

नेरुळच्या दादांना एक विचारायचे आहे. पुढच्या महिन्यात रुग्णालयात जायचे आहे. मी फाडलेले पान त्याच्या दप्तरातच होते. माफी मागितली त्या दिवशी त्याने ते मला काढून दिले आणि आम्ही दोघांनी ते चिकटपट्टीने वहीत जोडले. ती वहीही बरोबर न्यावी का?

नेरुळचे बाबा

अवश्य न्या. एकच शब्द सहा वेळा सहा प्रकारे चुकलेला त्यात दिसेल, आणि डॉक्टरांना नेमके तेच पाहायचे असते. तारखेच्या क्रमाने दुसरी आणि तिसरीतल्याही एकेक दोनदोन वह्या घ्या. सकाळी लवकर निघा, त्याचा डबा आणि पाणी बरोबर असू द्या, कारण थांबावे लागते.